आशीर्वाद खोटा ठरतो काय?

रहिमतपूरच्या बाजारांत मंडळींतील एका वृद्ध बाईनें आम्हांस विचारलें, "पाळकसाहेब, मुलगा मुंबईस निघाला तेव्हां मीं त्याच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला. तो तर आजारी होऊन परत आला. माझा आशीर्वाद खोटा होता काय?"

उत्तर देण्यापूर्वीं शब्दाचें मूळ पाहूं. 'आशीर्वाद' हा शब्द संस्कृत आहे. 'आशिस्' म्हणजे शुभेच्छा किंवा प्रार्थना, व 'वाद' म्हणजे बोलणें. इंग्रजांचा 'ब्लेस' हा शब्द निराळ्या घरचा. जुन्या इंग्रजींत त्याचें रूप 'ब्लेत्सियन' असें होतें, आणि तें रक्तवाचक शब्दापासून निघालें असें भाषापंडित मानितात. मूळ अर्थ, रक्त लावून पवित्र करणें. पुढें ख्रिस्ती शिक्षकांनीं लॅटिन 'बेनेदिकेरे', म्हणजे 'चांगलें बोलणें', ह्यासाठीं तोच शब्द योजिला. त्या लॅटिन शब्दाच्या कुळांतून फ्रेंचमार्गें 'बेनिसन' हा आशीर्वादवाचक जुना शब्द इंग्रजींत आला. एका शब्दांत वाणी आहे, तर दुसऱ्यांत रक्त आहे.

खळ्यावर धान्य मापतांना पहिल्या मापास 'एक' न म्हणतां 'लाभ' म्हणण्याची आपली चाल आहे. तेवढ्यानें रास वाढत नाहीं, हें शेतकऱ्यास ठाऊक असतें. तरी तो म्हणतो, कारण ती मनांतील मागणी आहे. आशीर्वादही मागणीच होय, मंत्र नव्हे. मंत्र देवाला बांधूं पाहतो, मागणी मागणाऱ्याला बांधते. म्हणूनच याकोबाच्या पत्राच्या 2 ऱ्या अध्यायांत, उघड्या व उपाशी बंधूस नुसते गोड शब्द देऊन वाटेस लावणाऱ्याला दोष दिला आहे.

रहिमतपूर ह्या नांवांत अरबी 'रहमत', म्हणजे दया, हा शब्द ऐकूं येतो. त्याच कुळांतील इब्री 'रेहेम' ह्या शब्दाचा अर्थ आईचें उदर असा आहे. आम्हीं त्या बाईस विचारलें, "आजी, आतां मुलाचें कोण करितें?" ती म्हणाली, "मीच. रात्रभर उशाशीं बसतें. औषधासाठीं शेळी विकली."

आम्हीं म्हटलें, "मग तुमचा आशीर्वाद खोटा कसा? निघतांना तुम्हीं तो तोंडानें दिला. आतां रोज जिवानें देत आहां."

मुलगा बरा होईल, असें वचन आम्हीं तिला दिलें नाहीं. तें आमच्या हातीं नाहीं. पण वाचकहो, पुढच्या वेळीं कोणास आशीर्वाद देतांना आपल्या घरची कोणती शेळी विकावयास आपण तयार आहों, हें आधीं मनांत पाहावें.