राग

गेल्या चातुर्मासात वडील परगावी गेले असता गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील स्थितप्रज्ञाची लक्षणे सांगण्याचा प्रसंग मजवर आला. ‘वीतराग’ म्हणजे ज्याला कधी राग येत नाही तो, असा अर्थ मी बेधडक सांगितला. निरूपण संपल्यावर नित्य दर्शनास येणारे एक वयोवृद्ध गुजराती गृहस्थ विनयाने म्हणाले, “महाराज, त्याच समासात पुढे क्रोध आहेच. भगवान एकच गोष्ट दोनदा कशाला सांगतील?” मी निरुत्तर झालो.

वडील परतल्यावर त्यांनी उलगडा केला. ‘रञ्ज्’ म्हणजे रंगणे. त्या धातूपासून राग. मूळ अर्थ रंग, विशेषतः तांबडा. म्हणूनच माणकाला पद्मराग म्हणतात. चित्त विषयात रंगून गेले की तीही रागच, म्हणजे आसक्ती. पतंजलींनी पाच क्लेशांत राग आणि द्वेष वेगळे गणले. एक सुखामागून येतो, दुसरा दुःखामागून. आपले जैन शेजारी तीर्थंकरांना वीतराग म्हणतात ते याच अर्थाने. हिंदी वा गुजराती माणसाला राग म्हणताच प्रीती आठवेल, नाही तर गाणे. आपण मात्र भूप आळवला तरी राग म्हणतो आणि आमटी खारट झाली तरी रागच! बंगालीतही राग म्हणजे क्रोध, तेव्हा या बाबतीत आपण एकटे नाही.

विषयांच्या चिंतनातून संग, संगातून काम आणि कामातून क्रोध उपजतो, अशी परंपरा भगवंतांनी त्याच अध्यायात सांगितली आहे. मराठीने जणू मुळाचेच नाव फळाला दिले, असे मला वाटते. पण त्यामुळे एक घोटाळा होतो. जो संतापत नाही तो स्वतःला वीतराग समजू लागतो. माझी ख्याती शांत स्वभावाचा अशीच आहे, आणि ती मला मनातून आवडते.

वडील पुढे म्हणाले, “गतवर्षी रामनवमीचे कीर्तन दुसऱ्याकडे गेले. तू एक शब्दही कठोर बोलला नाहीस. पण चार दिवस मंदिराची पायरी चढला नाहीस. तुला क्रोध आला नव्हता हे मला ठाऊक आहे. मग काय आले होते?”

पुढील एकादशीस त्याच जागी बसून मी ‘वीतराग’ पदाचा अर्थ दुरुस्त करून सांगितला. ते गुजराती गृहस्थ पहिल्याच ओळीत बसले होते. वडिलांच्या प्रश्नाचे उत्तर मात्र मी अद्याप त्यांना दिलेले नाही.