पटावरून उतरलेला बैल

ग्रेहाउंडच्या शर्यतींवरून परदेशात जो वाद चालतो, त्यात निदान एक प्रश्न धड विचारला जातो. मकावचं कुत्र्यांच्या शर्यतीचं मैदान २०१८ मध्ये बंद झालं, तेव्हा मागे राहिलेल्या पाचशेहून अधिक कुत्र्यांना घरं कोण देणार, यावर रान उठलं. पळणं संपल्यावर जनावर जातं कुठे? आपल्याकडच्या शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या, चर्चेत हा प्रश्न मी अजून ऐकलेला नाही.

या शर्यतींवरची २०१४ ची बंदी, राज्याची २०१७ ची कायदादुरुस्ती, २०२१ च्या डिसेंबरात मिळालेली मुभा आणि १८ मे २०२३ चा सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाचा निकाल हे सगळं आता सर्वांना पाठ आहे. भांडण मात्र पहिल्यापासून जोडी पळते त्या काही सेकंदांचंच राहिलं. पराणी टोचली का, शेपूट पिरगाळली का. परंपरेचा मुद्दा मी सोडून देतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी त्याची कुणाला आठवण नसते. सरसकट बंदी मागणाऱ्यांनी बहुधा रोवणीआधी धानाच्या बांधीत राबणारा बैल पाहिलेला नाही.

पण ‘पट टिकला तर देशी वाण टिकेल’ हे जे शहाणपण हल्ली व्यासपीठावरून सांगितलं जातं, ते मात्र सहज सोडण्यासारखं नाही, कारण त्याला विज्ञानाचा वास येतो. वाण टिकतो तो गाईच्या पोटी. पटात गाय कुठे असते? बैल खच्ची केलेला असेल तर त्याच्या वेगाचा वंशाशी संबंधच संपला. नसेल, तरी शंभरातल्या दोन वेगवान बैलांसाठी मोजलेल्या लाखांतून उरलेल्या अठ्ठ्याण्णवांच्या गोठ्यात तणसाची पेंढीही येत नाही. आणि समजा, वाण टिकला. ग्रेहाउंडची जात कधी धोक्यात होती? शर्यतींनी ती जात भरभरून वाढवली, आणि म्हणूनच पळून झालेली कुत्री कुठे ठेवायची हा प्रश्न उभा राहिला. जात जगते म्हणजे जनावर जगतं, ही समजूत मला फार सोयीची वाटते.

मागे ब्रह्मपुरीकडच्या एका गावात पट पाहिला. रात्री वडशाच्या मंडळीचं नाटक होतं, त्याला अवकाश होता म्हणून एका ओळखीच्या घरी टेकलो. परसात आंब्याखाली बैल बांधलेला. शिंगांवर जुन्या रंगाचे पोपडे, पुढच्या गुडघ्याला सूज, खुराकाच्या दिवसांतलं अंग आता बरगड्यांवर आलेलं.

“पटाचा होता जी,” घरचे मामा म्हणाले. “आता नांगरालेबी येत नाही. इकावं त घेते कोण? ठेवावं त तणस कोठून आणू?”

मार्च २०१५ पासून राज्यात बैलाचीही कत्तल बंद आहे. त्या कायद्याबद्दल मत काही असो, मामांचा हिशेब त्याने सोपा केलेला नाही. नांगरणीला तर भाड्याचा ट्रॅक्टर येऊन गेलेला.

इथेच मला दया आणि देणं वेगळं करावंसं वाटतं. दत्तक घेणारा कुत्र्यावर दया करतो. तो परका असतो, नाही म्हणू शकतो. ज्याने जनावर पळवलं, त्याच्यावर निवृत्तीचं देणं असतं. आणि ते देणं एकट्या मामांचं कसं? जोडी पळाली तेव्हा मैदानाभोवती सारं गाव होतं. माझं म्हणणं अतिरेकी वाटेल, पण बक्षिसाच्या रकमेतून म्हाताऱ्या बैलाच्या वैरणीचा वाटा आधी बाजूला काढला जात नाही, तोवर पराणी काढून घेतल्याचं मला फारसं कौतुक नाही.

त्या रात्री नाटक पहाटेपर्यंत रंगलं. मध्येच माईकवरून विजेत्या जोडीच्या मालकाला बोलावून शाल घातली.