थांबलेला काटा

कष्टाचे फळ मिळते, ही शिकवण आपल्या घरांत मुलांना लहानपणीच मिळते. ती चांगलीच आहे. तिने कितीतरी माणसे उभी केली. परंतु तिला एक उलटी बाजू आहे आणि ती कोणी उघड शिकवत नाही. फळ दिसत नाही, त्या अर्थी कष्ट झालेच नसावेत, असा निष्कर्ष आपण मनातल्या मनात काढून मोकळे होतो. नापास झालेल्या मुलाबद्दल काढतो, बुडालेल्या दुकानदाराबद्दल काढतो, आणि लठ्ठ माणसाबद्दल तर हमखास काढतो. हा निष्कर्ष न्याय्य आहे काय?

उदाहरण माझेच घेतो. साठी जवळ आली तेव्हा माझे वजन 84 किलो होते. भात एका वाटीवर आणला, चहातली साखर सोडली, कुंदा फक्त पाहुण्यांसाठी राहिला. रोज पहाटे टिळकवाडीत व्हॅक्सिन डेपोच्या झाडांखालून चार किलोमीटर चालू लागलो. पाच महिन्यांत काटा 76 वर आला आणि तिथेच बसला. तेच जेवण, तेच चालणे, तरी पुढचे अडीच महिने तो हलला नाही. मग चौकशा सुरू झाल्या. आमच्याकडे कन्नड शेजारी भेटला की "ऊटा आतेन्री?" विचारतो, आपण "जेवलात का?" म्हणतो, दोन्हींत माया असते. आता त्याच प्रश्नात संशय आला. एका आहारसल्लागारांनी तर वही मिटून म्हटले, "खरे सांगा, मधूनमधून काय खाता?" काट्याची साक्ष माझ्या साक्षीपेक्षा वरची ठरली.

आता शरीर काय करते ते पाहू. 1944-45 साली अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी 36 तरुणांवर उपासमारीचा प्रयोग केला. सदसद्विवेकाला स्मरून शस्त्र धरण्यास नकार दिलेले हे स्वयंसेवक होते. 24 आठवडे त्यांना जवळपास निम्म्या आहारावर ठेवले. वजन आधी भराभर उतरले, पुढे वेग मंदावत गेला. नाडी मंद झाली, अंगाला थंडी वाजू लागली, विश्रांतीतला उष्मांकांचा खर्च खूप घटला. शरीर काटकसरीला लागले होते. 1994 साली चरबीतून मेंदूला निरोप देणारे लेप्टिन हे संप्रेरक सापडले. चरबी घटली की हा निरोप क्षीण होतो, भूक वाढते आणि खर्च आखडतो. शिवाय हलक्या देहाला चालायलाही कमी इंधन लागते. म्हणून ज्या आहाराने 84 चे 76 झाले, त्याच आहारावर पुढे 76 नुसते टिकून राहतात. जमा आणि खर्च बरोबरीला आलेले असतात.

यावर कोणी म्हणेल, ही तर पळवाट झाली. आक्षेप खोटा नाही. 1992 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, कमी खाऊनही वजन उतरत नाही असे सांगणाऱ्या दहा जणांचे खाणे शास्त्रीय पद्धतीने मोजले, तेव्हा ते सरासरी 47 टक्के कमी सांगत असल्याचे दिसले. पण त्यांना लबाड म्हणावे काय? फोडणीतले तेल आणि येताजाता तोंडात टाकलेले शेंगदाणे कोणाच्या हिशेबात राहतात? म्हणजे थांबलेल्या काट्यामागे देहाची काटकसर असेल, हिशेबातली गफलत असेल, किंवा दोन्ही असतील. यांपैकी कोणते, हे काटा सांगत नाही. तो किलो सांगतो. सचोटी तोलण्याची सोय त्यात नाही.

अशा वेळी सांत्वन म्हणून निष्काम कर्माचा दाखला दिला जातो. मला तो इथे अपुरा वाटतो. फळाची आशा सोडा असे सांगताना, फळ मिळालेच नाही हे आपण मान्य करून टाकतो. वास्तविक ते मिळत असते. चालणे सोडून पूर्वीसारखे जेवू लागलो तर काटा वर जाईल. न वाढणे हेच त्या श्रमाचे फळ आहे. सीमाभागातल्या घरांना हे पटायला अवघड जाऊ नये. शाळेत कन्नड किंवा इंग्रजी, कचेरीत कन्नड, आणि तरी नातवंडांच्या तोंडची मराठी काल होती तेवढीच आज आहे, यामागे आजीच्या किती संध्याकाळी खर्ची पडतात, ते बाहेरच्याला दिसत नाही.

तेव्हा कोणाचा काटा थांबला असेल तर वाटी मोजून पाहावी, कमरेला टेप लावावी, चालू औषधे आणि थायरॉईड डॉक्टरांकडून तपासून घ्यावे. ही मापाची चौकशी झाली. माणसाच्या खरेपणाची चौकशी निराळी, आणि तिला पुरावाही निराळा लागतो. या दिवाळीत फराळाचे ताट पुढे करताना घरातल्या एखाद्या जाड भाचीला वा वहिनीला कोणीतरी हसत "तुझ्या डाएटचे काय झाले?" म्हणेलच. तिने वर्षभर काय केले, हे ताट धरणाऱ्याला माहीत नसते. जिथे माहीत नाही तिथे गप्प राहावे आणि चकली पुढे करावी.