जागल्याच्या भाकरीचा हिशोब

जागल्या ठेवायचा पीक राखायला आणि त्याची भाकर मात्र यायची ज्याची ढोरं पिकात शिरतात त्याच्या घरून. असा जागल्या रातच्याला काठी उचलंल काय? कुंभार पिंपळगावच्या शिवारात कुणालाही विचारा, उत्तर एकच मिळंल. पण हाच प्रश्न सरकारी कागदावर मांडला की शहाणी माणसं हसतात. म्हणतात, तुम्ही न्याय मागा, मोर्चा काढा. बजेटचं तुम्हाला काय कळतं?

दोस्तहो, ब्रिटिश हिंदुस्थानातल्या प्रांतांच्या पैशाचा हिशोब तपासणारा बाबासाहेबांचा ग्रंथ १९२५ साली छापून आला. ३० मे १९४९ ला घटना समितीत त्यांनी सांगितलं की महालेखापरीक्षक हा या घटनेतला बहुधा सगळ्यात महत्त्वाचा अधिकारी आहे. त्याचं काम त्यांनी न्यायाधीशाच्या कामाहून मोठं मानलं. हिशोब आणि न्याय या दोन गोष्टी त्यांनी वेगळ्या केल्या नाहीत. मग आपण का कराव्यात?

आता मुद्द्यावर येऊ. प्रकाश सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २२ सप्टेंबर २००६ ला हुकूम दिला की प्रत्येक राज्यात आणि प्रत्येक जिल्ह्यात पोलीस तक्रार प्राधिकरण नेमा. कोठडीत माणूस मेला, जबर मारहाण झाली, बाईवर अत्याचार झाला, तर पोलिसांची चौकशी पोलिसांच्या बाहेरच्या कुणीतरी करावी, हा त्यामागचा विचार. महाराष्ट्रानं २०१४ साली कायदा दुरुस्त केला आणि जिल्ह्याच्या जागी महसुली विभाग घातला. मराठवाड्याचे आठ जिल्हे, विभाग एक. म्हणजे घनसावंगी तालुक्यातल्या मजुरानं जालना ओलांडून पार संभाजीनगर गाठायचं. एसटीचं भाडं त्याचं, बुडालेली मजुरी त्याची, कागद लिहून देणाऱ्याचे पैसे त्याचे. हा खर्च कुठल्याच अंदाजपत्रकात लिहिलेला नसतो. तो गरिबाच्या चुलीतून वजा होतो.

कायदा म्हणतो, चौकशी होईल. ती करायला माणूस पाहिजे. त्याला गाडी पाहिजे, कारकून पाहिजे, टपाल पाहिजे. चौकशी करणारा आपल्या वस्तीपर्यंत येणार की नाही हे नुसतं कलमावर ठरत नाही. प्रवासभत्त्याच्या रकान्यात किती रुपये लिहिले, त्यावर ठरतं. ज्या कायद्याच्या मागं पैसा नाही, तो कायदा म्हणजे दारावरची नुसती पाटी.

आणि ही भाकर येते कुठून? गृह खात्याच्या मागणीतून. ज्या खात्याकडं पोलीस, त्याच खात्याकडं पोलिसांवर नजर ठेवणाराची शिधा. उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचा पगार घटनेच्या २०२ व्या कलमानं थेट राज्याच्या तिजोरीवर बांधून टाकलाय. विधानसभेत त्याच्यावर मतदानच होत नाही. का? ज्याच्या हाती थैली त्याच्या हाती जीभ, हे घटनाकारांना ठाऊक होतं. न्यायाधीशाला जे संरक्षण दिलं, ते या जागल्याला मिळालं नाही. म्हणून त्याच्या थैलीवर लोकांची नजर पाहिजे. तेवढाच आधार उरतो.

इथं दोन आक्षेप येतात. दोन्ही नीट ऐकून घेतले पाहिजेत.

पहिला, तुम्ही कर कुठं भरता? मोबाईलचा रिचार्ज मारला की शंभरावर अठरा रुपये सरकारला जातात. मारणारा पाटील असो की ऊसतोड्या. पण मी या उत्तरावर थांबत नाही. समजा एखाद्यानं आयुष्यात एक पैसाही भरला नाही. पालावरचा पारधी घ्या. १८७१ च्या कायद्यानं त्याची अख्खी जमात गुन्हेगार ठरवली, १९५२ ला तो कायदा गेला, शिक्का गेला नाही. त्याला हिशोब मागायचा हक्क नाही काय? माझं म्हणणं, त्याला सगळ्यात आधी आहे. हा हक्क पैसे भरण्यातून जन्मत नाही. सरकारी पैशानं घेतलेली काठी ज्याच्या पाठीवर पडू शकते, त्याच्या पाठीतून तो जन्मतो.

दुसरा आक्षेप जास्त धारदार आहे. उद्या कुणी म्हणंल, एवढा खर्च आणि तक्रारी एवढ्याशा, करा बंद हे दुकान! हिशोब मागून आपणच आपल्या जागल्याला उपाशी मारू. ही भीती खरी आहे. म्हणून हिशोब कसा वाचायचा हे ठरवलं पाहिजे. तक्रारी कमी म्हणजे अन्याय कमी, असं नाही. लांबचं अंतर, भीती, बुडणारी मजुरी, यानंही तक्रारी कमी होतात. इथं काटकसर हा गुण नव्हे. ३१ मार्चला न खर्चता परत गेलेला रुपयासुद्धा आरोपी आहे. त्याला विचारलं पाहिजे, तू कुणाच्या दारी जायचा होतास आणि का गेला नाहीस? आणि एक गोष्ट पक्की, हिशोब उघडा पाहिजे, तक्रारदाराचं नाव नाही.

शेजारच्या परभणीत १० डिसेंबर २०२४ ला संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. त्यानंतर धरपकड झाली. त्यात पकडलेला सोमनाथ सूर्यवंशी, कायद्याचा विद्यार्थी, १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत मेला. पोलिसांवर गुन्हा नोंदवा, हा हुकूम ४ जुलै २०२५ ला औरंगाबाद खंडपीठातून मिळाला. त्यासाठी त्याच्या आईला हायकोर्टाची पायरी चढावी लागली. सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं, तिथंही हुकूम टिकला. आणि हे फक्त आपलंच दुखणं आहे असं समजू नका. आपल्या शेजारच्या अंबड तालुक्यात, अंतरवाली सराटीला १ सप्टेंबर २०२३ ला मराठा आंदोलकांवर लाठ्या पडल्या. लाठीला जात विचारायची सवय आहे, पण ती कधी कधी विसरते. म्हणून हा हिशोब अख्ख्या गावानं मागायचा आहे.

आपले बापजादे सरकारी वसुलीची थैली डोक्यावर घेऊन तालुक्याला पोचवायचे. वाटेत एक पै हलायची नाही. पण थैलीत किती आहे, ती कशावर खर्चली, हे त्यांना कुणी सांगितलं नाही. वही कुलकर्ण्याची, ओझं महाराचं. आज वही उघडायचा कायदा आहे. माहिती अधिकार कायदा, २००५, कलम ४. प्रत्येक कार्यालयानं आपलं अंदाजपत्रक आणि खर्च, कुणी न मागता, स्वतःहून जाहीर करायचा. नाही केला तर दहा रुपयांचा अर्ज, दीडशे शब्दांत. दारिद्र्यरेषेखालच्याला तेही दहा रुपये माफ.

तेव्हा अर्ज लिहा. किती मंजूर झाले, किती खर्चले, चौकशीसाठी गावोगाव फिरण्यावर किती गेले, किती परत गेले. चारच प्रश्न. उत्तर आलं की समाजमंदिराच्या भिंतीवर चिकटवा आणि २६ जानेवारीच्या ग्रामसभेत मोठ्यानं वाचा. ज्याला वाचता येत नाही त्याला शेजारी बसवून वाचा. ओझं आपण पुष्कळ वाहिलं. आता वही वाचू.