ओरखडा मिटवावा, लपवू नये



आपल्या धर्मग्रामात आज क्वचितच एखादे घर असे असेल की ज्याच्या दारात स्कूटर, मोटारसायकल किंवा मोटारगाडी उभी नाही. आपल्या वाड्यांतले रस्ते मात्र बैलगाडीच्या काळातले. वळणावर कुंपणाची काटेरी तार, समोरून रिक्षा, मागून टेम्पो. अशा वेळी गाडीला ओरखडा न पडला तरच नवल. गॅरेजमध्ये नेले तर एका दरवाजाच्या रंगाला काही हजार रुपये मोजावे लागतात. म्हणून आपल्यापैकी कित्येक जण रबिंग कंपाऊंडची डबी आणि टचअपची बाटली विकत आणतात आणि सुट्टीच्या दिवशी अंगणात बसून ओरखडा स्वतःच घालवतात. हा उद्योग चांगला आहे. पैसे वाचतात, हाताला वळण लागते आणि जवळ बसलेली मुलेही काही शिकतात.

परंतु या साध्या कामात एक नैतिक प्रश्न दडलेला आहे. आपण ओरखडा दुरुस्त करतो, की लपवतो? या दोहोंत फरक काय? आणि आपण काय केले हे दुसऱ्याला सांगणे केव्हा आपले कर्तव्य ठरते?

प्रथम ओरखडा म्हणजे काय ते पाहू. आजच्या बहुतेक मोटारींच्या पत्र्यावर आधी प्रायमर असतो, त्यावर रंग आणि सर्वांत वर एक पारदर्शक थर, ज्याला कारागीर क्लिअर कोट म्हणतात. हे सारे मिळून जाडी भरते साधारण 100 ते 120 मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा जेमतेम दहावा भाग. ओरखड्यावरून आडवे नख फिरवून पाहावे. नख अडकले नाही तर ओरखडा वरच्या पारदर्शक थरातच आहे असे समजावे. अडकले तर तो खोल गेला आहे. आणि आत पत्रा दिसू लागला असेल तर गंज लागायला फार दिवस लागणार नाहीत. आपल्या वसईसारख्या समुद्राकाठच्या भागात तर खारा वारा आणि चार महिन्यांचा पाऊस हे काम अधिकच लवकर उरकतात.

घरी करता येण्याजोगे उपाय तीन. पहिला वॅक्सचा. वॅक्स बारीक चरीत भरते, उजेड सगळीकडून सारखा पडतो आणि ओरखडा दिसेनासा होतो. गाडी काही वेळा धुतली की तो पुन्हा वर येतो. दुसरा उपाय कंपाऊंडचा. कंपाऊंडने चर भरते अशी पुष्कळांची समजूत आहे. प्रत्यक्षात उलटे घडते. कंपाऊंड आजूबाजूचा चांगला थर झिजवून ओरखड्याच्या पातळीला आणते. म्हणूनच एकाच जागी ते पुन्हा पुन्हा घासता येत नाही. पारदर्शक थर संपला की खालचा रंग उन्हात फिका पडू लागतो. तिसरा उपाय टचअपचा. गंज असेल तर तो वॉटर पेपरने पत्रा लख्ख होईपर्यंत घासून काढायचा, गंजरोधक प्रायमर लावायचा, मग गाडीच्या कलर कोडप्रमाणे आणलेला रंग पातळ थरांत, प्रत्येक थर वाळू देत, भरायचा. जवळून पाहणाऱ्याला हा डाग ओळखू येतो. पण पत्र्याला हवा-पाणी लागत नाही.

याशिवाय आणखी एक प्रकार आहे. गंज तसाच ठेवून त्यावर पुट्टी भरायची आणि वरून रंग मारायचा. चार महिने गाडी नव्यासारखी दिसते. आत गंज आपले काम करीत राहतो आणि एक-दोन पावसाळ्यांत रंगाला फोड येतात. याला दुरुस्ती म्हणता येणार नाही.

गाडी आपली आहे आणि आपणच ती वापरणार आहोत, तोवर यांतला कोणताही मार्ग निवडायला आपण मोकळे आहोत. नीटनेटकेपणा हा दोष नव्हे. बंपर बहुधा प्लॅस्टिकचा असतो, तो गंजत नाही. त्यावरचा ओरखडा तसाच ठेवला तरी बिघडत नाही. शेजाऱ्याच्या गाडीपेक्षा आपली उठून दिसावी म्हणून जीव टाकायचा की नाही, हा ज्याच्या-त्याच्या मनाचा प्रश्न आहे.

खरा प्रश्न उभा राहतो तो गाडी विकताना. आपल्याकडे जुन्या गाड्यांचा व्यवहार पुष्कळदा ओळखीतच होतो. मिस्सा संपल्यावर आवारात बोलणे निघते, संध्याकाळी कोणी गाडी पाहायला येतो आणि दोन दिवसांत इसार दिला जातो. अशा व्यवहारात विकणाऱ्याने काय सांगावे?

संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात, 'सुम्मा थिओलॉजिया' या ग्रंथात, नेमक्या याच प्रश्नावर एक स्वतंत्र परिच्छेद लिहिला आहे. त्यांच्या काळी गाड्या नव्हत्या, घोडे होते. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: वस्तूतील दोषामुळे घेणाऱ्याचे नुकसान होणार असेल किंवा त्याला धोका पोहोचणार असेल आणि तो दोष दिसण्यासारखा नसेल, तर विकणाऱ्याने तो सांगितलाच पाहिजे. लंगडणारा घोडा वेगवान म्हणून विकणे हा अन्याय आहे. दोष उघड असेल, उदाहरणार्थ घोडा एका डोळ्याने आंधळा असेल, तर बोलून दाखवण्याचे बंधन नाही. किंमत मात्र त्या मानाने कमी करावी. दोषाची दवंडी पिटण्याचीही गरज नाही, कारण त्यामुळे घेणारे आधीच पळून जातील. जो प्रत्यक्ष घ्यायला येईल, त्याला तो सांगावा म्हणजे झाले.

हा विचार आपल्या ओरखड्याला लावून पाहू. उघडा ओरखडा स्वतःच बोलत असतो. घेणारा तो पाहतो, बोट लावतो आणि किंमत पाडून मागतो. आपण तो दुरुस्त केला की त्याचे बोलणे थांबते. मग त्याच्या वतीने बोलण्याची जबाबदारी आपल्यावर येते. केवळ वरच्या थरातला ओरखडा कंपाऊंडने गेला असेल तर सांगण्यासारखे फारसे उरत नाही. कोणी विचारले तर खरे सांगावे एवढे पुरे. पण दरवाजाच्या खालच्या कडेला गंज होता, मडगार्ड ठोकून सरळ केले होते, आत पुट्टी आहे, या गोष्टी न विचारताही सांगायला हव्यात.

"पण सगळेच असे करतात. घेणाऱ्याने मेकॅनिक आणून पाहावे. कायदा कुठे बोलायला सांगतो?" असे कोणी म्हणेल. कायदा काय म्हणतो तेही पाहू. भारतीय करार कायदा 1872 सालचा. त्याच्या कलम 17 मध्येही योगायोगाने घोड्याचेच उदाहरण आहे. एखाद्याने लिलावात सदोष घोडा विकला आणि दोषाबद्दल काहीच बोलला नाही, तर नुसते गप्प राहणे ही फसवणूक ठरत नाही. मात्र ठाऊक असलेली गोष्ट मुद्दाम झाकणे ही त्याच कलमाप्रमाणे फसवणूक आहे. तेव्हा विक्रीच्या आदल्या आठवड्यात गंजावर पुट्टी आणि रंग चढवणाऱ्याला, आपण गप्प होतो एवढेच, असे म्हणता येत नाही.

त्याच कलमातले पुढचे उदाहरण अधिक विचार करायला लावणारे आहे. घोडा घेणारी जर विकणाऱ्याची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल, तर दोष सांगणे हे त्याचे कर्तव्य ठरते. नाते असेल तर गप्प राहता येत नाही, हे कायद्यालाही मान्य आहे. मग आपण स्वतःला विचारू या. पहिल्या नोकरीच्या पगारातून स्कूटर घ्यायला आलेली, पलीकडच्या आळीतली तरुणी आपल्या नात्याची, की परकी? रविवारी एका बाकावर बसणाऱ्यांनी तिला परकी कसे म्हणावे? आपल्या मुलीला आपण जे सांगितले असते, ते तिलाही सांगणे, एवढीच कसोटी पुरेशी आहे.

दुसरा प्रसंग याहून अवघड. आपल्या गाडीने दुसऱ्याच्या उभ्या गाडीला ओरखडा पडतो आणि आजूबाजूला कोणीही नसते. "त्याचा विमा असेलच," असे म्हणून आपण निघून जातो. पण विम्याचा दावा केला की मालकाचा नो क्लेम बोनस सहसा जातो. ही सवलत पहिल्या वर्षानंतर 20 टक्क्यांपासून सुरू होऊन 50 टक्क्यांपर्यंत वाढत जाते. म्हणजे नुकसान त्याचेच. अशा वेळी वायपरखाली नाव आणि फोन नंबर लिहून ठेवावा. त्याची गाडी आपणच पुसून-घासून नीट करू नये. थर त्याचा झिजणार आहे, तेव्हा निर्णयही त्याचाच. जक्कयाने ज्यांचे घेतले होते, त्यांना चौपट परत देऊ केले. आपल्याला चौपट कोणी मागत नाही; झाले तेवढेच भरून द्यायचे आहे.

तेव्हा बंधुभगिनींनो, एक छोटीशी सवय लावून घेऊ या. गाडीला घरी जी जी दुरुस्ती केली, ती तारखेसह एका कागदावर लिहून गाडीच्या कागदपत्रांत ठेवू या. गाडी विकायची वेळ येईल तेव्हा किल्लीबरोबर तो कागदही घेणाऱ्याच्या हाती देऊ या. त्यामुळे किंमत कदाचित दोन-तीन हजारांनी कमी येईल. पण पुढच्या पावसाळ्यात त्या गाडीच्या दरवाजाला फोड आला, तरी चर्चच्या आवारात तो माणूस समोरून येताना दिसला की आपल्याला वाट बदलावी लागणार नाही.

— आपले धर्मगुरू