रिकामी जागा कोणाची?

आजारी पडण्याचा अधिकार माणसाला आहे काय? प्रश्न ऐकताच हसू येते. आजार अर्ज करून येत नाही आणि परवानगी मागूनही येत नाही. तो येतो, एवढेच. पण हाच प्रश्न थोडा फिरवून विचारला, तर हसू मावळते. आजारी माणूस बरा होऊन येईपर्यंत त्याची जागा त्याच्यासाठी राखून ठेवावी, असा त्याचा हक्क आहे काय? आणि असल्यास त्या रिकाम्या जागेचा भार कोणी वाहायचा?

चार दिवसांच्या तापात हा प्रश्न उठत नाही. तेवढे कोणीही सांभाळून घेतो. शस्त्रक्रियेचे तसे नाही. तिचा दिवस आधी ठरतो, पुढची विश्रांती आठवड्यांत मोजली जाते, आणि ती जशी रोग्याला मोजता येते तशी मालकालाही येते. आपल्यावाचून काम सहा आठवडे चालले, हे मालकाच्या ध्यानात आले तर? शस्त्रक्रियेच्या टेबलापेक्षा हा विचारच पुष्कळांना अधिक घाबरवतो.

मी घोडेगावात राहतो. आंबेगाव तालुक्याच्या कचेऱ्या इथे असल्यामुळे कागदपत्रांसाठी माणसांची वर्दळ असते, आणि अर्ज लिहून घ्यायला त्यांतली काही माझ्याकडे येतात. चाकणच्या एका कारखान्यात कंत्राटदाराच्या पटावर काम करणारा एक तरुण असाच आला. त्याला अंतर्गळ झाला होता. दोन वर्षे कमरेला पट्टा बांधून तो वजने उचलीत होता. डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सांगितली होती, आणि तो ती पुढे ढकलीत होता. मी कारण विचारले तेव्हा म्हणाला, "गुरुजी, कापायला मी भीत नाय. पर उठून गेटावर गेलो आन् नावच नसलं, तर?"

मला जे शहाणपण ठाऊक होते ते मी त्याला सांगितले. रजा तोंडी मागू नये, लेखी मागावी. डॉक्टरांचा दाखला जोडावा. दाखल होण्याची आणि पुन्हा रुजू होण्याची अदमासे तारीख लिहावी. अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यावी. मुदत वाढवायची वेळ आलीच, तर पहिली संपण्यापूर्वी कळवावे. त्याने सारे ऐकले, अर्जाची घडी खिशात ठेवली, आणि तो गेला. परंतु त्याचा प्रश्न माझ्यापाशीच राहिला.

कायद्याने या प्रश्नाचा विचार केलेला नाही असे नव्हे. १९४८ साली कामगार राज्य विम्याचा कायदा झाला आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे ती योजना सुरू झाली. विम्याखालच्या कामगाराला आजारपणात वर्षाकाठी ९१ दिवसांपर्यंत सुमारे सत्तर टक्के वेतन मिळण्याची सोय तिने केली. त्याच कायद्याचे ७३ वे कलम म्हणत होते की, कामगार आजारपणाचा लाभ घेत असताना मालकाने त्याला कामावरून काढू नये. कलम छोटे, पण त्यामागचा विचार मोठा. निजलेल्या माणसावर वार करू नये, हा रणांगणावरचा जुना नियमच त्याने कारखान्यात आणला.

मात्र त्याच्या आदल्या वर्षीचा, १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा पाहा. छाटणी झालेल्या कामगाराला भरपाई मिळावी, म्हणून छाटणी कशाला म्हणावे हे पुढे त्यात सांगितले गेले. आणि तिथेच एक अपवादही आला: सततच्या आजारपणामुळे नोकरी संपवली, तर ती छाटणी नव्हे! म्हणजे एक कायदा रोग्याच्या उशाशी बसला होता, तर दुसरा दारात घड्याळ घेऊन उभा होता. हे दोन्ही कायदे आता २०२० च्या नव्या संहितांत गेले असून त्या २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या आहेत. कायदे बदलले तरी आपल्या मनातली ती दोन माणसे तशीच आहेत. आजाऱ्याला सांभाळावे असे आपल्याला मनापासून वाटते. पण किती दिवस, हेही आपण मनातल्या मनात मोजीत असतो.

आणि कंत्राटी माणसाची गोष्ट तर याहून बिकट आहे. त्याला काढावे लागतच नाही. नुसते बोलावले नाही म्हणजे झाले. जिथे काढल्याचा कागदच नाही, तिथे कलमाने पकडायचे कशाला?

मालकाचीही बाजू आहे, आणि ती खोटी नाही. चार माणसांच्या कारखान्यातला एक सहा आठवडे निजला, तर पाव कारखाना निजला. उरलेल्या तिघांची पाठ वाकते. पुन्हा, त्याच्या जागी जो बदली येतो, त्याचेही पोट आहे. मुंबईच्या गिरण्यांतून बदली कामगार सकाळी दाराशी उभा राही, आणि कोणी तरी गैरहजर असेल तरच त्याची चूल पेटे. दुसऱ्याच्या आजारावर ज्याचे जेवण अवलंबून, त्याने त्या आजाऱ्यासाठी काय चिंतावे? माणसाला अशा जागी उभे करणारी व्यवस्थाच मुळात अनीतीची आहे, असे मला वाटते. रोगी आणि बदली यांना तिने एकमेकांसमोर उभे केले, आणि स्वतः बाजूला झाली.

जमिनीच्या बाबतीत मात्र आपण इतके निष्ठुर झालो नाही. १९४८ च्याच मुंबई कूळकायद्याने पुढे १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरवला आणि कसणारे कूळ जमिनीचे मालक झाले. पण जिथे जमीनमालक अज्ञान मूल, विधवा, किंवा शरीराने वा मनाने विकल असेल, तिथे त्या कायद्याने कुळाचा खरेदीचा हक्क पुढे ढकलला. जो आज उठून आपली बाजू मांडू शकत नाही, त्याच्या गैरहजेरीत निकाल लावू नये, हा त्यातला भाव. शेत गमावण्याइतकेच नोकरी गमावणे हेही आज घर गमावणे आहे. मग तो भाव नोकरीला का लागू नये?

जागा राखली नाही, तर काय होते? या तालुक्यातल्या पारगावला भीमाशंकर सहकारी साखर कारखाना आहे. कारखाना कुठलाही असो, गळिताच्या हंगामात मराठवाड्यातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता; मुकादमाकडून आधी उचल घ्यायची आणि अंगावरच्या श्रमाने ती फेडायची. एक दिवस काम चुकले की खाडा, आणि खाड्याचा दंड. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा २०१९ साली बोभाटा झाला आणि डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणी झालेल्या सुमारे ८२ हजार स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. प्रत्येकीचे कारण एकच होते असे कोणी म्हणणार नाही. परंतु पाळीच्या दिवसांत खाडा पडतो, हे अनेकींनी सांगितलेले कारण होते. आमचा चाकणचा तरुण काम जाईल म्हणून शस्त्रक्रिया टाळीत होता; या स्त्रियांनी काम जाऊ नये म्हणून शस्त्रक्रिया करवून घेतली. दिशा उलट्या, पण भीती एकच. जागा राखणारे कोणी नसले, की माणूस आपले शरीरच गहाण टाकतो.

घोडेगावच्या पश्चिमेला, डिंभे धरणापलीकडे, महादेव कोळ्यांच्या वस्त्यांत पडकईची रीत आहे. आज सगळ्यांनी मिळून एकाच्या खाचरात राबायचे, उद्या दुसऱ्याच्या. आवणीच्या ऐन दिवसांत घरचा कर्ता अंथरुणावर असला, तर अशा रीतीत त्याचे खाचर ओसाड पडण्याचे कारण नसते. ही दया नव्हे. दयेला आठवण नसते. तिला वाटले तर ती येते, नाही तर येत नाही. पडकईला आठवण असते. कोण आला आणि कोण आला नाही, हे तिथेही ध्यानात राहते.

मुकादमही हिशेब ठेवतो आणि पडकईही ठेवते. मुकादमाच्या वहीतला गैरहजर दिवस दंड होऊन वजा होतो. पडकईतला गैरहजर दिवस, माणूस बरा होऊन परत आल्यावर, त्याने दुसऱ्याच्या बांधावर उभे राहून फेडायचा असतो. पहिल्या हिशेबात माणूस परत येईल, हे गृहीतच धरलेले नाही. दुसरा हिशेब त्याच्या परत येण्यावरच उभा आहे. विम्याची वर्गणी म्हणजे तरी दुसरे काय? मालकाने आणि धडधाकट कामगारांनी मिळून भरलेली ती पडकईच आहे. म्हणून रिकाम्या जागेचा भार एकट्या मालकावर टाकू नये, एकट्या रोग्यावर तर नाहीच नाही. तो सर्वांनी वाटून घ्यावा, कारण पाळी सर्वांची येणार आहे. आणि कंत्राटाच्या वहीत ज्यांची नावे आज पेन्सिलीने लिहिली जातात, ती आधी शाईने लिहिली गेली पाहिजेत.