नावाचा विजय आणि न्यायाची कसोटी



५ नोव्हेंबर २०२५ ची गोष्ट. सुट्टीचा दिवस होता. जोहरची नमाज आटोपून बाहेर आलो, तर मशिदीच्या पायरीवर मोहल्ल्यातील एक तरुण पेढ्यांचा पुडा घेऊन उभा. म्हणाला, "मौलाना, तोंड गोड करा. न्यूयॉर्कला आपला माणूस महापौर झाला." मी पेढा घेतला. शेजारी एक वयोवृद्ध निवृत्त शिक्षक चपला घालत होते. त्यांनी शांतपणे विचारले, "आपला म्हणजे कसा, बेटा? तो त्या शहरासाठी काय करणार आहे, ते ठाऊक आहे का?" तरुण गोंधळला. आणि खरे सांगायचे तर मीही गोंधळलो. पेढा माझ्या हातात होता आणि उत्तर माझ्याजवळही नव्हते.

तो प्रश्न त्या दिवसापासून माझा पाठलाग करीत आहे. आज तो तुमच्यापुढे ठेवतो : एखाद्याचे नाव आपल्या नावासारखे आहे, एवढ्यावरून त्याच्या विजयाचा आनंद मानणे योग्य आहे काय?

प्रथम वस्तुस्थिती पाहू. ४ नोव्हेंबर २०२५ रोजी झालेल्या निवडणुकीत ३४ वर्षांचे जोहरान ममदानी न्यूयॉर्कच्या महापौरपदी निवडून आले. माजी गव्हर्नर अँड्र्यू कुओमो यांचा त्यांनी पराभव केला. १९६९ नंतर प्रथमच त्या शहरात महापौरपदासाठी वीस लाखांहून अधिक लोकांनी मतदान केले आणि त्यांपैकी दहा लाखांहून अधिक मते ममदानी यांना मिळाली. ते त्या शहराचे पहिले मुस्लिम महापौर ठरले. त्यांचा जन्म युगांडातील कंपालाचा. वडील महमूद ममदानी हे नामवंत प्राध्यापक असून त्यांचा जन्म आपल्या मुंबईतला; आई मीरा नायर या प्रसिद्ध चित्रपट दिग्दर्शिका. आपल्याकडे महापौर नगरसेवकांच्या मतांनी निवडला जातो आणि कारभाराची खरी सूत्रे आयुक्तांच्या हाती असतात. न्यूयॉर्कमध्ये तसे नाही. तेथे महापौराला जनता थेट निवडते आणि शंभर अब्ज डॉलरहून मोठ्या अर्थसंकल्पाचा कारभार त्याच्या हाती येतो. भाडेनियंत्रणाखालील घरांची भाडेवाढ थांबवू, बस विनामूल्य करू, लहान मुलांच्या संगोपनाची मोफत सोय करू आणि त्यासाठी अतिश्रीमंतांवरील कर वाढवू, ही त्यांची प्रमुख आश्वासने होती.

आता लोकांनी काय केले ते पाहा. अमेरिकेच्या एका लोकप्रतिनिधीने त्यांचे नागरिकत्व काढून घेण्याची मागणी निवडणुकीपूर्वीच केली होती. २००१ च्या ११ सप्टेंबरच्या हल्ल्याशी त्यांचे नाव जोडण्याचे प्रयत्न झाले. तेव्हा ते अवघे नऊ वर्षांचे होते! राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी त्यांना कम्युनिस्ट म्हटले, शहराचा निधी रोखण्याचा इशारा दिला आणि २१ नोव्हेंबरला त्याच ममदानींचे व्हाइट हाउसमध्ये हसतमुखाने स्वागतही केले. मुंबईतही पडसाद उमटले. या शहराच्या महापौरपदी कोणी 'खान' लादलेला खपवून घेणार नाही, अशा आशयाचे विधान एका राजकीय नेत्याने जाहीरपणे केले.

हे वाचून आपले मन दुखावते, आणि ते दुखावलेच पाहिजे. माणसाचे काम न पाहता त्याच्या नावावरून त्याला धोका ठरवणे हा अन्याय आहे. पण वाचकहो, येथे थोडे थांबा. नावावरून एखाद्याला वाईट ठरवणे अन्याय असेल, तर नावावरून एखाद्याला चांगला ठरवणे न्याय कसा होईल? वजन करणारा हात वेगळा असला, तरी तराजू तोच आहे. मराठी घेऊन पदवी मिळवताना मी अनेक म्हणी शिकलो. त्यांतील 'आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचे ते कार्टे' ही म्हण मला पुढे मदरशात हदीसचा एक धडा समजून घेताना पुन्हा भेटली. इस्लामी परिभाषेत याच वृत्तीला 'असबियत' म्हणतात.

प्रेषित मुहम्मद (स.) यांना एकदा विचारले गेले की, माणसाने आपल्या लोकांवर प्रेम करणे ही असबियत आहे काय? प्रेषितांनी (स.) नकार दिला आणि स्पष्ट केले की, आपल्या लोकांना अन्यायाच्या कामी साथ देणे ही असबियत होय. किती सूक्ष्म भेद आहे पाहा! आपल्या माणसांविषयी ओढ वाटणे हा दोष नाही. ती निसर्गाने दिलेली भावना आहे. जेव्हा ती ओढ डोळ्यांवर पट्टी बांधते, तेव्हा दोष सुरू होतो.

म्हणूनच पेढा वाटणाऱ्या त्या तरुणाला मी गुन्हेगार मानत नाही. ज्या समाजाला वारंवार संशयाने पाहिले जाते, त्यातील तरुणाला दूरदेशी आपल्यासारख्या नावाचा माणूस मोठ्या पदी पोहोचलेला दिसला, तर त्याची मान थोडी ताठ होणारच. आनंदाला इस्लामने बंदी घातलेली नाही. 'अर्-रूम' या सूरहच्या आरंभीचा प्रसंग आठवा. इराणी फौजांनी रोमन साम्राज्याचा पराभव केला, तेव्हा मक्केचे मूर्तिपूजक हरखले आणि मूठभर मुसलमान खिन्न झाले. तेव्हा अल्लाहने कळवले की, काही वर्षांतच रोमन पुन्हा विजयी होतील आणि त्या दिवशी श्रद्धावंत आनंदित होतील. रोमन मुसलमान नव्हते, ख्रिस्ती होते. तरीही त्यांच्या विजयाचा आनंद श्रद्धावंतांना होणार होता. म्हणजेच श्रद्धावंताच्या आनंदाची सीमा नावापाशी संपत नाही.

हबशाची हिजरतही तेच शिकवते. मक्केतील छळ असह्य झाला, तेव्हा प्रेषितांनी (स.) आपल्या साथीदारांना हबशाच्या राजाकडे, नजाशीकडे पाठवले. तो तेव्हा ख्रिस्ती होता. त्याच्याकडे पाठवण्याचे कारण एवढेच सांगितले गेले की, त्याच्या राज्यात कोणावर जुलूम होत नाही. निवडीची कसोटी न्याय ही होती.

याच्या उलट बाजूचा एक प्रसंग 'अन्-निसा' या सूरहमध्ये, १०५ व्या आयतीपासून पुढे येतो. मुफस्सिरांनी त्याची हकीकत सांगितली आहे. मदीनेत एक चिलखत चोरीला गेले. चोर बनू जफर कबिल्याचा, मुसलमानांत गणला जाणारा. त्याने ते चिलखत एका ज्यूच्या घरी ठेवले आणि आळ त्याच्यावर ढकलला. कबिल्याचे लोक आपल्या माणसाच्या बाजूने उभे राहिले. 'आपला माणूस' खोटा कसा असेल? तेव्हा अल्लाहने आयती अवतरित केल्या, त्या ज्यूला निर्दोष ठरवले आणि विश्वासघातक्यांची वकिली करण्यास मनाई केली. विचार करा, मदीनेचा तो नवजात समाज चहूबाजूंनी वेढलेला होता, त्याला एकजुटीची नितांत गरज होती. तरीही एकजुटीसाठी न्यायाचा बळी देऊ दिला गेला नाही. ही वाणी कयामतपर्यंत पठण केली जाईल आणि प्रत्येक पिढीला आठवण देत राहील की, आपल्या माणसाची बाजू घेण्याआधी सत्याची बाजू पाहा.

कोणी म्हणेल, "मौलाना, तुम्ही आमचा एक आनंदही हिरावून घेता. ते द्वेष करतात त्याचे काय?" याचे उत्तर 'अल्-माइदा'च्या आठव्या आयतीत आहे. एखाद्या समूहाच्या वैराने आपल्याला न्यायापासून ढळू देऊ नये, असा तेथे आदेश आहे. समोरच्याचा द्वेष हे आपल्या अन्यायाचे निमित्त होऊ शकत नाही. म्हणून ममदानी यांच्या भाडेधोरणावर किंवा करप्रस्तावावर टीका करणारा प्रत्येक जण इस्लामचा शत्रू नव्हे. पॅलेस्टाईनविषयीच्या त्यांच्या भूमिकेमुळे त्या शहरातील अनेक ज्यू नागरिकांना भीती वाटली. तर अनेक ज्यू तरुणांनी त्यांचा प्रचारही केला. जे भ्याले, त्यांची थट्टा करणे आपल्याला शोभत नाही. शेजाऱ्याची भीती चुकीची असली, तरी ती आपल्या वागण्याने दूर करायची असते. आपल्यालाही संशयाने पाहिले जाते तेव्हा आपली हीच अपेक्षा नसते काय?

आणखी एक गोष्ट. ममदानींचे नाव पाहून आनंदलेल्यांपैकी काहींनी दुसऱ्याच दिवशी ते कोणत्या मसलकाचे, ही चौकशी सुरू केली. लैंगिकतेच्या प्रश्नांवरील त्यांची जाहीर मते शरीअतच्या शिकवणीशी जुळत नाहीत, हे कळल्यावर काहींनी त्यांना थेट दीनबाहेर काढले. कालचा 'आपला' आज परका! हे दोन्ही टोकांचे निवाडे आहेत. ज्या मताशी आपण सहमत नाही, तेथे असहमती स्पष्ट सांगावी. जे काम गोरगरिबांच्या हिताचे आहे, त्याचे कौतुक करावे. आणि अंतःकरणाचा निवाडा अल्लाहवर सोडावा.

मग विजयी झालेल्याकडे कसे पाहावे? हजरत अबू जर (रजि.) यांनी पदाची इच्छा व्यक्त केली, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांना समजावले की, पद ही अमानत आहे आणि ज्याने तिचा हक्क अदा केला तो वगळता, इतरांसाठी ती कयामतच्या दिवशी नामुष्की व पश्चात्ताप ठरेल. हजरत अबू बक्र (रजि.) खलीफा झाले, तेव्हा पहिल्याच भाषणात त्यांनी लोकांना सांगितले की, मी बरोबर चाललो तर साथ द्या, चुकलो तर मला सरळ करा. जेथे स्वतः सिद्दीक (रजि.) अशी विनंती करतात, तेथे आजच्या कोणत्याही पुढाऱ्याला, तो आपला असो वा परका, प्रश्नांपासून सूट कशी मिळेल?

आता दृष्टी न्यूयॉर्कवरून आपल्या गल्लीकडे वळवू. आपल्याकडेही नगरपरिषदा आणि महानगरपालिकांच्या निवडणुका होत असतात. आमच्या मोहल्ल्यात काही वर्षांपूर्वी 'आपला' उमेदवार निवडून आला होता. फटाके फुटले, मिरवणूक निघाली, आणि पाच वर्षे मशिदीमागचे गटार तसेच तुंबत राहिले. कोणी जाब विचारला नाही, कारण 'आपल्या माणसाची इभ्रत' आडवी येत होती. नळाची नवी जोडणी मात्र शेजारच्या प्रभागातील एका हिंदू नगरसेविकेने पाठपुरावा करून मिळवून दिली. तिच्या विजयाच्या दिवशी आमच्यापैकी कोणीही पेढा वाटला नव्हता. आज विचार करतो, तर त्या दिवशी आमच्या घरांत पाणी आणणारा विजय खरोखर कोणाचा होता?

माझी स्वतःची चूकही येथे नोंदवतो. त्या ५ नोव्हेंबरच्या दुपारी मला मोबाइलवर एक चित्रफीत आली. न्यूयॉर्कच्या रस्त्यावर विजयाप्रीत्यर्थ अजान होत आहे, असे तिच्याखाली लिहिले होते. मन भरून आले आणि मी ती पुढे पाठवली. रात्री कळले की ती जुनी होती आणि शहरही वेगळेच होते. 'अल्-हुजुरात'ची सहावी आयत, जी बातमीची शहानिशा करण्यास सांगते, ती मी मुलांना शिकवतो. आणि आनंदाच्या भरात मीच ती विसरलो. रागात माणूस चुकतो हे आपण जाणतो. आनंदातही तो तितकाच चुकतो, हे मी त्या दिवशी शिकलो. पुढच्या जुम्याला मिंबरवरून मी ती चूक कबूल केली.

त्या दिवशी नमाजनंतर पेढेवाला तरुण माझ्याजवळ आला. म्हणाला, "मौलाना, त्या भाडेवाढीचे काय होते ते मी आता बघत राहणार आहे." मी म्हणालो, "बघ. आणि आपल्या गटाराचेही बघ." तो हसला. त्याचा आनंद कमी झाला नव्हता. त्याला आता डोळे फुटले होते.

वाचकहो, उद्या आपल्या शहरात कोणीही जिंको, मिठाईचा पुडा उघडण्यापूर्वी त्या वृद्ध शिक्षकांचा प्रश्न स्वतःला विचारा. आपले लोक चुकत असतील तर त्यांचा हात धरून त्यांना थांबवणे हीच त्यांची खरी मदत, अशी आपल्या प्रेषितांची (स.) शिकवण आहे.

अल्लाह आपल्याला आनंदात संयम, दुःखात सब्र आणि दोन्ही अवस्थांत न्यायाने बोलण्याचे सामर्थ्य देवो. आमीन.